आज विचारत नाही

आमच्या कारखान्यात नवीन माणूस लागला की त्याला दोन गोष्टी आधी सांगितल्या जायच्या. कँटीनचा चार वाजताचा चहा प्यायचा नाही, ही एक. आणि हाताशी वेळ असल्याशिवाय टर्निंग सेक्शनमधल्या मामांना "कसे आहात?" असं विचारायचं नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट लोक लक्षात ठेवत. दुसरी विसरत, आणि मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्यांच्या लेथपाशी अडकून पडत.

कारण मामा उत्तर द्यायचे. आपण सगळे "काय, कसं काय?" असं विचारतो ते पुढे चालता चालता. समोरचा "मजेत" म्हणतो, आपण मान हलवतो, दोघेही आपापल्या वाटेला लागतात. मामांना हा व्यवहार मान्य नव्हता. कुणी विचारलं की ते मशीन बंद करायचे, चिंधीला हात पुसायचे आणि सुरू व्हायचे. "झोप लागली, पण तुकड्या-तुकड्यानं. पोट साफ हाय. डावा कान सकाळपासून बंद हाय, उजव्यानं भागवतोय. सटाण्याहून भावाचा फोन आला नाय म्हणून अर्धा दिवस वाईट गेला. मग आला, तं उरलेला बरा चाललाय." मधेच ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं दिसलं तर शर्टाच्या खिशातून चार बेदाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि पुढचं सांगायचे. बेदाणे हातात घेतलेल्या माणसाला निघून जाता येत नाही, हे त्यांनी कुठून शोधून काढलं होतं कोण जाणे.

मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटायचा असं म्हणतोय, पण तो आजही वाटतो, आणि हे लिहायला बसल्यावर तो कमी झालाय असं काही दिसत नाही.

हेवा करावा असं त्यांच्यात काय होतं? काहीच नाही. बुटका बांधा, जाड भिंगांचा चष्मा, सातपूरच्या कामगार वसाहतीतली दोन खोल्यांची जागा. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मी डिस्पॅचचा इनचार्ज, खुर्चीवाला माणूस, इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट. पगाराच्या, शिक्षणाच्या, दिसण्याच्या कुठल्याही तराजूत मला घाला, माझंच पारडं जड ठरलं असतं. तरी कारखान्यात माणसं गोळा व्हायची ती त्यांच्याभोवती.

एकदा मुंबईचे मोठे साहेब राउंडवर आले होते. असे साहेब लोक मशीनवरच्या एखाद्या माणसाला "कैसे हो?" विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढच्या मशीनपाशी पोचतात. या साहेबांनी विचारलं ते नेमकं मामांना. मामांनी लेथ बंद केलं. "बताता हूँ साब," म्हणाले आणि हात पुसायला लागले. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब सौजन्य म्हणून थांबले, मग बेदाणे हातावर पडले म्हणून थांबले, आणि थोड्या वेळाने आम्ही पाहिलं तर साहेबच बोलत होते. आपली शुगर, आपली झोप, परदेशी गेलेला आणि फोन न करणारा मुलगा. मामा मान हलवत होते. त्यानंतर ते साहेब जेव्हा जेव्हा नाशिकला आले तेव्हा आधी टर्निंग सेक्शनला गेले. मी त्याच साहेबांचे रिपोर्ट वर्षानुवर्षं तयार करून पाठवत होतो. मला त्यांनी नावाने कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

मामांचा नियम दोन्ही बाजूंनी होता. स्वतः विचारायचे तेही थांबायला वेळ असेल तरच. नसेल तर वाटेत भेटलेल्या माणसाला हात वर करून स्पष्ट सांगायचे, "आज विचारत नाही हं, घाई हाय." याचा कुणाला राग येत नसे. उलट ज्या दिवशी ते विचारतील त्या दिवसाची माणसं वाट बघायची. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "अहो, ती एक पद्धत असते विचारायची." ते म्हणाले, "पद्धत असंल. पण विचारायचं तं थांबायचं. थांबायचं नाय, तं विचारायचं नाय." अगदी जवळच्या माणसांना ते आपल्या बागलाणच्या बोलीत विचारायचे, "कसं शे भो?" गेटवरचा वॉचमन त्यांच्याच बाजूचा. त्याला रोज "कसं शे भो?" मिळायचं. त्या वॉचमनचाही मला हेवा वाटायचा. म्हणजे पाहा, माणूस कुठपर्यंत घसरू शकतो.

मला त्यांनी सुरुवातीला विचारलं होतं. मी नवा होतो. मी म्हटलं, "मजेत!" ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. अजून काही येईल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "एकदम मजेत." पुढे आणखी काही वेळा विचारलं, माझं उत्तर तेच. माझे वडील सांगायचे, आपलं रडगाणं चारचौघांत गाऊ नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी लहानपणापासून झाकून धरली होती. मग मामांनी मला विचारणं सोडून दिलं. "आज विचारत नाही" असंही म्हणत नसत. समोर आलो की नुसता नमस्कार करायचे, जसा परक्या माणसाला करतात.

पुढे एकाच हंगामात आमची दोघांची ऑपरेशनं झाली. माझ्या मणक्यातली गादी सरकून पायाची नस दाबली गेली होती. मशीनवर जड जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, चढवताना त्यांच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. कंपनीने आम्हा सगळ्यांचा एक सामूहिक विमा काढला होता. दवाखान्याचं बिल त्यात होतंच, शिवाय ऑपरेशननंतर डॉक्टर जोवर कामावर जाऊ नका म्हणतील तोवर पगाराचा मोठा हिस्सा विमा कंपनी दर आठवड्याला देत असे. दोघांच्याही रजा दवाखान्याच्या चकरांत संपून गेल्या होत्या. माझ्या घरी कमावणारा मी एकटा, त्यामुळे घर त्या विम्यावरच चाललं होतं.

एका सकाळी विमा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज फार गोड. "सर, आता कसे आहात?"

मी त्या वेळी पलंगावर कुशीवर पडलो होतो आणि बायको माझ्या पायात मोजा चढवत होती, कारण पायापर्यंत माझा हात पोचत नव्हता. मी म्हटलं, "मजेत! तुम्ही कशा आहात?"

"मी छान, सर. काही त्रास वगैरे?"

"छे छे. थोडंफार चालायचंच. तुमच्या कृपेने उत्तम आहे सगळं."

पुढच्या आठवड्यात पैसे आले नाहीत. चौकशी केली तर कळलं, लाभ बंद झालेला आहे. कारण, विमाधारकाने स्वतः फोनवर आपली प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं आहे आणि संभाषण रेकॉर्ड केलेलं आहे. शिवाय विमाधारकाचं काम बैठं आहे. मी सर्जनचं पत्र पाठवलं, एमआरआय पाठवला, फोनवर फोन केले. प्रत्येक वेळी मला माझाच आवाज ऐकवला जायचा. तुमच्या कृपेने उत्तम आहे सगळं.

बैठं काम! मला तर बसताच येत नव्हतं. उभं राहता यायचं, आडवं होता यायचं, थोडं चालता यायचं. खुर्चीत टेकलो की कमरेपासून अंगठ्यापर्यंत आग उतरायची. सर्जनने बजावलं होतं की घाईने कामावर गेलात आणि नस पुन्हा दाबली गेली तर पाऊल कायमचं लुळं पडेल. म्हणजे एकतर पाय पणाला लावून खुर्चीत जाऊन बसायचं, नाहीतर घरात आडवं पडून चूल कशी पेटते ते बघायचं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुम्ही तिला मजेत म्हणालात?"

"मग काय म्हणणार? परक्या मुलीपुढे रडत बसू?"

तिने माझ्या पायातला मोजा काढून धुवायला टाकला.

याच दिवसांत मामांच्या बातम्या यायच्या. कारखान्यातली माणसं त्यांच्याकडे पाळ्या लावून जात होती. मला नुसते फोन करत. "कसे आहात?" "मजेत." "बरं मग, ठेवतो." मामांना त्याच गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला तेव्हा म्हणे तिचा जेवणाचा डबा तसाच राहिला. त्यांनी तिला पहाटेपासूनचं सगळं सांगितलं. त्यात एक मोठा घोटाळा करून ठेवला होता. दुखतं ते सांगितलंच, पण जमतं तेही सांगितलं. "उजवा हात सकाळी नाकापर्यंत जातो. संध्याकाळी हनुवटीला थांबतो. डाव्यानं लसूण सोलतो." विमा कंपनीने लसूण तेवढा उचलला. घरगुती कामं करू शकतात, सबब लाभ बंद.

हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ऑपरेशननंतर इतकं बरं मला कुठल्याच गोळीने वाटलं नव्हतं. म्हटलं, घ्या, सांगत बसा आता जगाला.

पण मामा चिडले नाहीत की अर्ज-विनंत्याही केल्या नाहीत. त्यांनी स्वतः फोन लावला आणि लसणाचं सविस्तर सांगितलं. पाकळी दाताने कशी धरायची, डाव्या अंगठ्याने साल कशी काढायची, एका गड्ड्याला किती वेळ जातो आणि मधे खांद्याला उशी का लावावी लागते. फोनवरच्या मुलीने तिच्या वरिष्ठाला जोडून दिलं, त्याला पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांनी एक तपासनीस घरी धाडला. हे लोक माणसाला पकडायला येतात, न सांगता, मोटारसायकलवरून. मामांनी त्याला दारातच विचारलं, "कसे हाय तुम्ही? या. पण नुसतं सकाळी बघून जाऊ नका. नाक बघितलं, तशी हनुवटीबी बघावी लागंल." तो दिवसभर थांबला. सकाळचं नाक पाहिलं, दुपारी त्यांच्याकडची खिचडी खाल्ली, संध्याकाळची हनुवटी पाहिली. जाताना मोटारसायकलने आपल्या कमरेची कशी वाट लागलीय आणि वडिलांशी आपलं बोलणं कसं तुटलंय तेही सांगून गेला. मामांचे पैसे सुरू झाले. मागचे थांबलेलेही मिळाले.

माझं ऑपरेशन पाठीचं झालं होतं, पण दुखायला लागलं पोटात. माझ्याकडे सर्जनचं पत्र होतं, एमआरआय होता, शुद्ध भाषेत लिहिलेली निवेदनं होती. त्यांच्याकडे लसूण होता.

"मी मामांना फोन केलाय," बायकोने एका दुपारी सांगितलं. "ते येतायत."

"कशाला? मला त्यांच्याकडून काही शिकायचं नाहीये."

"मला शिकायचंय," ती म्हणाली.

ते दोन बस बदलून आले. हात गळ्यातल्या झोळीत, शर्टाची एक बाही रिकामी लोंबत होती. डाव्या हाताने मला नमस्कार केला, तोच परक्याला करतात तो. बायकोला बेदाण्यांची पुडी दिली. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, कशा हाय तुम्ही?"

बायको म्हणाली, "बरी आहे." ते थांबले. आणि ती खुर्चीवर बसली.

मग ती बोलत राहिली. मला उठवून उठवून तिचं मनगट सुजलं होतं, ते ती बांगड्यांआड लपवत होती. मी तिला न उठवता बाथरूमला जाईन आणि पडेन या भीतीने ती भिंतीला टेकूनच डोळा लावायची. भावाकडच्या वास्तुशांतीला गेली नव्हती, आणि का नाही आलीस असं त्याने विचारलं तेव्हा कामात होते म्हणाली होती. "आणि यांचं काय करू सांगा," ती म्हणाली. "भूल उतरल्यावर मी जवळ गेले, विचारलं, कसं वाटतंय? तर मलाही मजेत म्हणाले. मी बायको आहे यांची."

माझ्या घरात, माझ्यासमोर, माझी बायको हे सगळं त्या झोळीवाल्या माणसाला सांगत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं मनगट मला दिसायला हवं होतं, ते दिसलं नव्हतं, याचं वाईट वाटायला आणखी थोडा वेळ लागला. आधी वाटला तो हेवाच.

तिचं सांगून झाल्यावर मामा माझ्याकडे वळले. विमा कंपनीच्या तक्रार विभागाने माझी सुनावणी ठेवली होती, मोबाइलवर, समोरासमोर चेहरे दिसतील अशी. ते म्हणाले, "समजा मी तो साहेब. आता विचारतो हं. कसे आहात?"

"तसा ठीक आहे, पण..."

"झालं. ठीक लिहून घेतलं. 'पण' त्यांना ऐकू येत नाय. पुन्हा. कसे आहात?"

"असह्य वेदना होतात."

"हे तं तुमच्या अर्जात हाय. मोजा कोण घालतं?"

मी बायकोकडे रागाने पाहिलं. ती बेदाणे निवडत होती.

"ती घालते," मी म्हटलं.

"का?"

"हात पोचत नाही."

"कुठपर्यंत पोचतो?"

"गुडघ्यापर्यंत. सकाळी तोही नाही."

"हां," मामा म्हणाले. "आता उत्तराला सुरुवात झाली. उठता कसे?"

मग मी सांगत गेलो. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हाताने गादी रेटत वर यायचं, आणि वर आल्यावर पलंगाची कड धरून, डाव्या पायात जीव आहे की नाही याची वाट बघत उभं राहायचं. हे मी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. सोसायटीच्या गेटपर्यंत चालता येतं हे मात्र मी गाळलं. "आणि जमतं काय काय?" असं विचारून मामांनी तेही माझ्याकडून वदवून घेतलं.

"ते कशाला?" मी म्हटलं. "तेवढंच धरून बसतील. तुमचा लसूण धरला तसा."

"धरू द्या. नुसतं दुखतं ते सांगितलं तं रडगाणं होतं. जमतं तेबी सांगितलं, की मग त्याला उत्तर म्हणायचं."

रडगाण्याला मी जन्मभर घाबरत आलो होतो, आणि त्यावरचा इलाज या माणसाच्या खिशात बेदाण्यांबरोबर पडून होता. आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "तुमचं बरंय. तुम्हाला सांगता येतं. लोक ऐकतात तुमचं. मला जळायला होतं तुमच्यावर." निघून गेलं तोंडून. बायकोने वर पाहिलं. मामांनी मान डोलावली, कुणी कानाचं दुखणं सांगावं तशी. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी सुनावणीचं बघू."

सुनावणीला फोन फ्रिजवर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता, कारण मी उभा असणार होतो. पडद्यावर एक अधिकारी बाई आल्या. "नमस्कार सर. बसून घ्या ना निवांत. कसे आहात?"

माझी जीभ "मज"पर्यंत गेली. मागे बायको खाकरली.

"मॅडम, बसता येत नाही," मी म्हटलं, "तिथूनच सुरुवात करतो." आणि केली. मोजा, गुडघा, कूस, पलंगाची कड, बायकोचं मनगट. सोसायटीच्या गेटपर्यंत चालतो, येताना मधे जिन्यापाशी उभं राहावं लागतं. त्या फोनवर मी मजेत म्हणालो तेव्हा कुठल्या अवस्थेत होतो तेही सांगितलं. "मग तसं का म्हणालात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणता?" बाईंनी समोरची फाइल उघडली. मग त्यांनी आणखी प्रश्न विचारले, आणि मी थांबलो नाही. माझं बोलणं इतका वेळ कुणी ऐकलेलं मला आठवत नव्हतं. निवाडा काय लागेल याची धास्ती होतीच, पण मधे मधे, खरं सांगतो, मजा येत होती.

पुढच्या काळाचे पैसे मंजूर झाले. मधले बुडाले ते बुडालेच, पण पाय वाचला. सर्जन हो म्हणेपर्यंत मी खुर्चीकडे फिरकलो नाही.

सुनावणीच्या शेवटी बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "सर, तुमच्याच कंपनीतले ते लसूणवाले काका, त्यांचा हात कसा आहे हो आता?"

मी जिंकलो होतो आणि तरीही माझा पुन्हा जळफळाट झाला. हे मामांना फोनवर सांगितलं तर ते पोटभर हसले. "मग सांगितलं का नाय, आता कानापर्यंत जातो म्हणून?"

आम्ही दोघे कामावर परतलो. मला वाटलं होतं, आता तरी ते मला विचारतील. माझी उत्तरं तयार होती. ते समोरून यायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, "आज विचारत नाही हं, घाई हाय." घाई असायचीच, कारण त्यांना हलकं काम देऊन दिवसभर या शेडमधून त्या शेडमध्ये पिटाळलं जायचं. पण मी त्याच्यावरही खूश होतो. इतकी वर्षं मी नुसत्या नमस्कारातला माणूस होतो, आता निदान विचारायचं राहून गेलेला माणूस झालो होतो. आणि एक दिवस ते रिटायर होऊन सटाण्याला भावाकडे निघून गेले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी शिपायापासून मॅनेजरपर्यंत एकेकाला विचारलं. माझ्यापर्यंत येईतो गाडी आली.

बायकोचं आणि त्यांचं फोनवर बोलणं चालू असायचं. तीच मला त्यांच्या बातम्या द्यायची, कांद्याच्या चाळीची, पुतण्याच्या लग्नाची, डाव्या कानाची. मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करून ऐकायचो. मग बातम्या आखूड व्हायला लागल्या. या वर्षी थंडीत ती म्हणाली, "मामांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय. बोललं की दम लागतो."

आम्ही सटाण्याची एस्टी पकडली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, चांदवडचे डोंगर आले. मी इतका वेळ सरळ बसून होतो आणि पाठीने हूं की चूं केलं नाही. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. मला सारखं वाटत होतं, आता आपण जाणार आणि मामांना कसे आहात विचारताही येणार नाही.

त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. माझ्या आधी इतकी माणसं पोचली होती. ओटीवर गावातली माणसं होती, आमच्या कारखान्याचा वॉचमन होता, इतकंच काय, तो मोटारसायकलवाला तपासनीससुद्धा कोपऱ्यात बसलेला होता. मामा आरामखुर्चीत होते, पायांना सूज, मांडीवर शाल. पुतण्या प्रत्येकाला दारातच सांगत होता, "त्यांना विचारू नका, बोलावं लागतं." मामांनी त्याच्यावर तोड काढली होती. उत्तर देता येत नाही ना, मग ते विचारत होते. एका दमात बसेल एवढाच प्रश्न, आणि मग तो माणूस बोलायचा, ते डोळे मिटून ऐकायचे. सगळे आपापली पाळी धरून बसले होते. मी मागे बसलो. वॉचमन माझ्या पुढे होता.

मामांनी डोळे उघडले. वॉचमनवरून त्यांची नजर पुढे सरकली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी श्वास गोळा केला.

"कसं शे भो?"

ओटीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

माझं सगळं खरोखरच ठीक होतं. पाठ बरी, पाय बरा, नोकरी चालू, घर चालू. एका शब्दात संपलं असतं, आणि तो शब्द या वेळी खरा होता. मी सरकत सरकत खुर्चीजवळ गेलो, मांडी घालून बसलो आणि सकाळी जाग आल्यापासून सुरुवात केली. कुशीवर न वळता उठलो. मोजे स्वतः घातले, आधी उजवा. डाव्याला जरा वेळ लागतो, वाकावं लागतं, पण हात पोचतो. एस्टीत खिडकीची जागा मिळाली ती बायकोला दिली. मागे वॉचमन घसा साफ करत होता. पुतण्या घड्याळाकडे बघत होता. मामांच्या मिटल्या डोळ्यांपुढे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतंच, पण मी मुद्दाम लांबवलं.